आधी आघात, मग गण: इंग्रजी वृत्तओळख पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून

पुस्तिकेचा वाचक ठरला. बी.ए.ला इंग्रजी घेतलेला, पण शाळेत मराठी वृत्तं शिकून आलेला विद्यार्थी. त्याला यमाताराजभानसलगा पाठ असतं, भुजंगप्रयात चालीवर म्हणता येतं, ओळीतली अक्षरं बोटांवर मोजता येतात. हे भांडवल मोठं आहे, पण इंग्रजी ओळ समोर आली की पहिली अडचणही त्यातूनच येते. म्हणून आयँब, ट्रोकी या इंग्रजी गणांच्या व्याख्या पहिल्या पानावर घ्यायच्या नाहीत. आधी कान, मग नावं.

उतारे सगळे जुने आणि स्वामित्व हक्क संपलेले: शेक्सपिअरचं १८वं सॉनेट (१६०९), मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ची पहिली ओळ (१६६७), ग्रे यांची स्मशानातली एलिजी (१७५१), ब्लेकची ‘टायगर’ (१७९४), कोलरिजचा ‘एन्शंट मरिनर’ (१७९८), बायरनची असिरियाचा राजा सेनाकरिब याच्यावरची कविता (१८१५), टेनिसनची ‘लाइट ब्रिगेड’ (१८५४) आणि लाँगफेलोची ‘हायावाथा’ (१८५५). नाटकांतल्या एक-दोन ओळी लागतील तिथे. मुक्तछंद या पुस्तिकेत नाही.

खुणांचा निर्णय: आपल्या पाठ्यपुस्तकांत लघूला अर्धगोल आणि गुरूला आडवी रेघ असते. इंग्रजीच्या जुन्या पुस्तकांतही नेमक्या याच खुणा सापडतात. त्या वापरल्या तर मुलं नकळत ऱ्हस्व-दीर्घच शोधत बसतील. त्यामुळे आपल्याकडे आघात (उच्चारातला जोर) नसेल तिथे ×, आघात असेल तिथे / आणि गण तोडायला उभी रेघ.

७ जून

सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, मोजणं. पहिला घोटाळा लिपीमुळे होतो. देवनागरीत ‘नाइट’ लिहिलं की तीन अक्षरं दिसतात, ‘वर्ल्ड’मध्ये दोन. इंग्रजीत दोन्ही एकेकच सिलॅबल. नियम असा दिला: लिहिलेलं मोजू नका, हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा, जबडा जितक्या वेळा खाली जाईल तितकी सिलॅबल. हा उपाय प्राथमिक शाळेतला आहे, पण चालतो.

लवचीक शब्दांची यादी वेगळी केली, कारण गणित इथेच चुकतं. फायर, अवर, पॉवर, फ्लॉवर हे शब्द कवी सोयीप्रमाणे एक किंवा दोन सिलॅबलचे धरतो. ‘हेवन’ही तसाच. मिल्टनमध्ये तो बहुतेकदा आखडून एकच होतो, पण ‘टायगर’मधल्या ‘अँड वॉटर्ड हेवन विथ देअर टिअर्स’ या ओळीत त्याला दोन सिलॅबल दिल्याशिवाय आठाचा हिशेब लागत नाही. ‘ओअर’, ‘नेअर’ ही लोपचिन्हाची रूपं एका सिलॅबलची. शेवटचा ‘-एड’ जुन्या कवितेत कधी वेगळा उच्चारतात, कधी नाही. छापलेल्या प्रतीत त्यावर तिरकी खूण असेल तर तो नक्की वेगळा.

सॉनेटची दुसरी ओळ, ‘दाउ आर्ट मोअर लव्हली अँड मोअर टेंपरेट’, सरावासाठी उत्तम. आज ‘टेंपरेट’ घाईत म्हणताना मधलं सिलॅबल गिळलं जातं आणि ओळ नऊवर येते. तीन सिलॅबल पुरती म्हटली की दहा भरतात, आणि पुढे ‘डेट’शी जुळणारं यमकही हाती लागतं.

१० जून

आजचा विषय सगळ्या पुस्तिकेचा कणा आहे.

मराठी वृत्तात वजन ठरतं ते अक्षराच्या लांबीवर. दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. इंग्रजी वृत्तात वजन ठरतं ते आवाजाच्या जोरावर. जोराबरोबर थोडी लांबी येते, सूरही थोडा चढतो, पण शब्दात जोर कुठे द्यायचा हे लांबी ठरवत नाही. चाचणीच्या कागदांवर याचे परिणाम ठरलेल्या जागी दिसतात:

‘हॅपी’, ‘सिटी’, ‘मेनी’ यांचं शेवटचं अक्षर आपल्याला दीर्घ वाटतं, म्हणून त्यावर / पडते. आघात तिन्हींत पहिल्या सिलॅबलवर आहे.

‘कम्पेअर’मध्ये जोडाक्षराच्या नियमाने ‘कम्’ गुरू ठरतो. इंग्रजीत तो जवळजवळ गिळलेला असतो, सगळा जोर ‘पेअर’वर.

‘बिगिन’मध्ये दोन्ही स्वर ऱ्हस्व, म्हणून मुलं दोन्हींवर × मारतात. जोर ‘गिन’वर.

‘फोटोग्राफी’ आपण चारही सिलॅबल सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत दुसऱ्यावर जोर आणि बाकीची पुसट. ‘फोटोग्राफ’ म्हटलं की तोच जोर पहिल्यावर सरकतो.

शेवटचं उदाहरण महत्त्वाचं आहे, कारण पुसट सिलॅबल पुसट म्हणण्याची सवय नसेल तर कुठलंही वृत्त कानाला सपाट लागतं. मोठ्याने वाचताना फक्त जोराच्या सिलॅबलवर टाळी, बाकीचं तोंडातल्या तोंडात. टाळ्यांमधलं अंतर सारखं ठेवायचा प्रयत्न करायचा. इंग्रजी बोलण्यात हे अंतर यंत्रासारखं सारखं नसतं, पण कवितेत कान ते सारखं असल्यासारखं ऐकतो.

१४ जून

कामाचा क्रम पक्का झाला. आधी वृत्ताचं नाव ठरवून मग ओळ त्यात कोंबायची, हीच सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. म्हणून वृत्ताचं नाव शेवटी.

पहिली पायरी: ओळींमध्ये दोन रिकाम्या ओळी सोडून कविता हाताने उतरवणं. निदान आठ ओळी तरी हव्यात, एका ओळीवरून वृत्त ठरत नाही.

दुसरी: दोन किंवा जास्त सिलॅबलचे शब्द शब्दकोशात बघून त्यांचा आघात पेनाने लावणं. या खुणा नंतर हलत नाहीत. एकाच स्पेलिंगचं नाम आणि क्रियापद असेल तर जपून: ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ नाम असताना जोर पुढे, क्रियापद असताना मागे. शेक्सपिअरच्या काळात काही शब्दांचा आघात आजच्यापेक्षा वेगळा होता. ‘अ‍ॅस्पेक्ट’ तेव्हा दुसऱ्या सिलॅबलवर जोर घेतो.

तिसरी: एका सिलॅबलचे शब्द, पेन्सिलीने. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण यांना /. आर्टिकल, प्रिपोझिशन, उभयान्वयी, सर्वनाम, सहायक क्रियापद यांना ×. पेन्सिल अशासाठी की यातल्या काही खुणा पुढे बदलणार आहेत.

चौथी: उजव्या समासात प्रत्येक ओळीची सिलॅबल संख्या.

पाचवी: ओळ शेवटाकडून मागे वाचत जाणं. ओळीचा आरंभ हा कवीने सर्वांत जास्त मोकळा ठेवलेला भाग असतो, शेवटचा गण क्वचितच ढळतो. सुरुवातीपासून गण पाडत गेलं की पहिल्याच उलट्या गणाला अडखळून सगळी ओळ विस्कटते.

सहावी: बहुतेक ओळींत कुठला गण पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा, ते पाहून नाव. × / म्हणजे आयँब, / × ट्रोकी, × × / अ‍ॅनापेस्ट, / × × डॅक्टिल. चार गण टेट्रामीटर, पाच पेंटामीटर, सहा हेक्झामीटर.

१५ जून

कालचा क्रम ग्रे यांच्या दुसऱ्या ओळीवर लावून पाहिला. ही ओळ पुस्तिकेत पूर्ण पानभर सोडवून दाखवायची.

द लोइंग हर्ड वाइंड स्लोली ओअर द ली

‘वाइंड’ इथे क्रियापद आहे, वळणं घेत जाणं या अर्थाचं. वारा या अर्थाचा ‘विंड’ वाचला तर अर्थही जातो. पेनाच्या खुणा: ‘लोइंग’मध्ये ‘लो’वर, ‘स्लोली’मध्ये ‘स्लो’वर. पेन्सिलीच्या: हर्ड /, वाइंड /, ली /, दोन्ही ‘द’ ×, ‘ओअर’ ×. संख्या दहा. आता दोन रांगा लिहायच्या, एकीखाली एक:

द लो | इंग हर्ड | वाइंड स्लो | ली ओअर | द ली
बोलणं: × / | × / | / / | × × | × /
वृत्त: × / | × / | × / | × / | × /

दोन रांगांत फरक दोनच ठिकाणी आहे. ‘वाइंड’ बोलताना जोरदार, पण तो ‘हर्ड’ आणि ‘स्लो’ या दोन आघातांच्या मधे अडकलाय, त्यामुळे वृत्तात तो खालच्या जागेवर बसतो. उलट ‘ओअर’ हलका, पण दोन्ही बाजूंना हलकी सिलॅबल असल्याने तो वर उचलला जातो. हे दोन नियम लक्षात ठेवले की पेंटामीटरच्या कितीतरी अडलेल्या ओळी सुटतात: दोन जोरांमधला जोर दबतो, दोन हलक्यांमधलं हलकं उठतं.

दबलं म्हणजे नाहीसं झालं असं नव्हे. हर्ड, वाइंड, स्लो ही तीन वजनदार सिलॅबल लागोपाठ आल्याने ओळ तिथे पाय ओढत चालते, आणि संध्याकाळी कुरणावरून परतणारी गुरं तशीच चालतात. वृत्ताची रांग एकटी वाचली तर हे ऐकूच येत नाही, बोलण्याची रांग एकटी वाचली तर पेंटामीटर सापडत नाही. पुस्तिकेत प्रत्येक सोडवलेल्या ओळीखाली दोन्ही रांगा येतील, एकीत दुसरी मिसळायची नाही. शिकवताना बहुतेक वेळा एकच रांग काढून घेतात आणि नेमका लयीचा भाग फळ्यावर येतच नाही, याचं वाईट वाटतं.

१९ जून

मिल्टनची पहिली ओळ त्याच पद्धतीने. ‘ऑफ मॅन्स फर्स्ट डिसओबीडिअन्स, अँड द फ्रूट’. ‘-डिअन्स’ एका सिलॅबलमध्ये आवळला की दहा. ‘फर्स्ट’ दबलेला, ‘अँड’ उचललेला. नवीन काही नाही, सरावात टाकली.

२४ जून

पर्यायी गण. मराठी अक्षरगणवृत्तात एक गण बदलला की वृत्तच मोडतं, म्हणून इंग्रजी ओळीत गण उलटा दिसला की मुलांना वाटतं कवी चुकला किंवा आपण चुकलो. दोन्ही खोटं. आयँबिक ओळीत पहिला गण ट्रोकी असणं ही जुनी, सर्वमान्य सूट आहे. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’ नाटकाचा आरंभ:

नाउ इज | द विन् | टर ऑफ | अवर डिस् | कन्टेंट
/ × | × / | × / | × / | × /

‘नाउ’वरचा जोर काढून ‘इज’वर टाकून पाहा, वाक्य मेलं. तिसऱ्या गणातला ‘ऑफ’ हा उचललेला. ‘अवर’ इथे एकच सिलॅबल.

उलटा गण ओळीच्या मधेही येतो, पण साधारणपणे विरामानंतर. हॅम्लेटच्या ‘टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’ या ओळीत दुसऱ्या स्वल्पविरामानंतर ‘दॅट इज’ बहुतेक जण / × म्हणतात. विराम म्हणजे जणू नवी सुरुवात, म्हणून आरंभाची सूट तिथेही लागू. या ओळीत अकरा सिलॅबल आहेत. शेवटचं ‘-चन’ हे जास्तीचं हलकं शेपूट, त्याला सहावा गण म्हणायचं नाही. हेक्झामीटर लिहिलेली उत्तरं तपासताना आधी हे शेपूट बघावं.

खरा सहा गणांचा नमुना कवी अलेक्झांडर पोपच्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये (१७११) आहे. लांबट अलेक्झांड्राइन ओळीवर टीका करताना त्याने तशीच ओळ लिहून दाखवली, ती जखमी सापाची:

दॅट लाइक | अ वून् | डेड स्नेक | ड्रॅग्ज इट्स | स्लो लेंग्थ | अलाँग
× / | × / | × / | / × | / / | × /

चौथा गण उलटा आणि पाचव्यात दोन्ही सिलॅबल जड. ओळ सरपटते ती इथेच. दोन जड सिलॅबलच्या गणाला स्पाँडी म्हणतात. मात्र इंग्रजीत संपूर्ण कविता स्पाँडीत चालत नाही, ती अधूनमधूनच येते. चार विरामांच्या ओळीलाही ‘स्पाँडिक मीटर’ असं उत्तर लिहिलं जातं, ते तपासनिसांनी सरळ काटावं.

१ जुलै

‘टायगर’. सात सिलॅबलच्या ओळी: टाय-गर टाय-गर बर्-निंग ब्राइट. खुणा / × / × / × /. ट्रोकी टेट्रामीटरची शेवटची हलकी बाजू छाटलेली म्हणा, किंवा आयँबिक टेट्रामीटरची पहिली हलकी बाजू छाटलेली म्हणा, खुणा त्याच राहतात. निर्णय एका ओळीवर होत नाही, शेजारच्या ओळी बघाव्या लागतात. इथे सातच्या ओळींचं प्राबल्य आहे, म्हणून ट्रोकी धरायची. पण पहिल्या कडव्याची शेवटची ओळ, ‘कुड फ्रेम दाय फिअरफुल सिमेट्री’, आठ सिलॅबलची आणि उघड आयँबिक आहे. तीन ओळी हातोड्यासारख्या जोराने सुरू होतात आणि चौथीच्या आरंभी तो जोर एकदम सुटतो. परीक्षेत ‘पूर्ण कविता ट्रोकी’ असं लिहिण्यापेक्षा ही ओळ दाखवणारं उत्तर जास्त गुणांचं.

‘हायावाथा’ला फार वेळ नको. आठ सिलॅबल, चार ट्रोकी, छाटाछाट नाही. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्याच्या छंदावरून लाँगफेलोने तो घेतला. शेपूट न छाटलेली ट्रोकी लांबवर चालवली की एकसुरी होते, याचा पुरावा म्हणून सलग वीसेक ओळी मोठ्याने वाचायला द्याव्यात.

५ जुलै

तीन सिलॅबलचे गण. इथे मराठी वाचकाला मोठा आधार आहे: अ‍ॅनापेस्टचा आकार सगणाचा, डॅक्टिलचा भगणाचा. चार सगणांचं बारा अक्षरी वृत्त म्हणजे तोटक, आणि बायरनच्या सेनाकरिबच्या ओळी म्हणजे चार अ‍ॅनापेस्ट, बारा सिलॅबल. आराखडा हुबेहूब तोच.

दि अ सिर् | यन केम डाउन | लाइक द वुल्फ | ऑन द फोल्ड
× × / | × × / | × × / | × × /

‘असिरियन’ची शेवटची दोन सिलॅबल एकात आवळली तरच बारा होतात.

आता हीच ओळ तोटकाच्या तराजूत टाकून पाहायची. ‘केम’ दीर्घ, ‘लाइक’ दीर्घ. लघु-गुरूच्या हिशेबाने दुसरा आणि तिसरा गण सगण उरतच नाही. इंग्रजी कानाला मात्र ओळ निर्दोष आहे, कारण ‘केम’ आणि ‘लाइक’ जोराच्या शिखरांमधून घाईने पुढे ढकलले जातात. घोड्यांची दौड येते ती या घाईतून. १० जूनची नोंद मुलांना पटवायला याहून चांगली ओळ मिळाली नाही, म्हणून ती त्या प्रकरणाच्या शेवटी घालायची.

डॅक्टिलसाठी ‘लाइट ब्रिगेड’: ‘हाफ अ लीग, हाफ अ लीग, हाफ अ लीग ऑनवर्ड’. ‘लीग’ दीर्घ स्वराचं नाम असूनही × वर बसतं. चौथ्या ओळीत ‘रोड द सिक्स हंड्रेड’, तिथे ‘सिक्स’ दबलेला: / × × | / ×. शेवटच्या गणातलं एक सिलॅबल छाटणं डॅक्टिलमध्ये नेहमीचं, कारण इंग्रजीत दोन हलक्या सिलॅबलवर ओळ संपवणं अवघड जातं. टेनिसनने ही कविता स्वतः म्हटलेली १८९०ची मेणाच्या नळकांडीवरची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. आवाज खरखरीत, पण तो ठोक्यांना किती धरून म्हणतो हे स्पष्ट कळतं.

१२ जुलै

बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं गीत. चार, तीन, चार, तीन ठोके. स्तोत्रांच्या पुस्तकांत याच साच्याला सी. एम. म्हणजे कॉमन मीटर अशी खूण असते, सिलॅबल ८, ६, ८, ६. स्तोत्र संख्येला घट्ट, बॅलड ठोक्यांना घट्ट आणि सिलॅबलना सैल. ‘एन्शंट मरिनर’ची पहिली ओळ आठ सिलॅबलची सरळ आयँबिक. दुसरी ‘अँड ही स्टॉपेथ वन ऑफ थ्री’, सात सिलॅबल, ठोके तीनच: स्टॉप, वन, थ्री. आरंभी अ‍ॅनापेस्ट. तीन ठोक्यांच्या ओळीनंतर एका ठोक्याइतकी जागा मोकळी राहते. टाळी वाजवत म्हटलं तर चौथी टाळी शांततेत पडते, आणि तिथेच बॅलड ओळखू येतं.

‘ख्रिस्ताबेल’ या कवितेच्या प्रस्तावनेत (१८१६) कोलरिजने स्वतः सांगितलंय की आपण सिलॅबल नव्हे, आघात मोजतो: सिलॅबल सात ते बारा, आघात चारच. कवितेच्या पहिल्या ओळीत अकरा सिलॅबल, जोर ‘मिड’, ‘नाइट’, ‘कास’, ‘क्लॉक’वर. तिसरी ओळ नुसती घुबडाची हाक, चार सिलॅबल, आणि चारही ठोके! अशा कवितेत गण पाडायला बसू नये. ठोके मोजून थांबावं.

१७ जुलै

यंत्राची मदत. सीएमयू (कार्नेगी मेलन विद्यापीठाचा) उच्चारकोश मोफत आहे, त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत. प्रत्येक स्वराला ०, १ किंवा २ असा अंक: आघात नाही, मुख्य, दुय्यम. दुसऱ्या पायरीसाठी झकास. ‘डिस्कन्टेंट’ला २ ० १ मिळतं, म्हणजे ‘डिस्’वरचा दुय्यम जोर वृत्ताच्या ठोक्यावर बिनदिक्कत बसतो. ‘सिमेट्री’ला १ ० ०, शेवटचं सिलॅबल उचलायचं काम वृत्ताचं.

मर्यादा: उच्चार अमेरिकन आहेत, ‘स्टॉप्स्ट’सारखी जुनी रूपं मिळत नाहीत, आणि सुटा उच्चार देणाऱ्या कोशात एका सिलॅबलच्या शब्दांना वाक्यातली जागा कळत नाही, त्यामुळे ‘ऑफ’सारख्या शब्दालाही १ दिसतो. तिसरी पायरी माणसानेच करायची. कोशातले अंक थेट वृत्त म्हणून छापणाऱ्या प्रोग्रॅमचं उत्तर पुस्तिकेत घेणार नाही.

२३ जुलै

उत्तरसूची. वादाच्या जागा दोन प्रकारच्या निघाल्या. सॉनेटच्या पहिल्या ओळीतल्या ‘शॅल आय कम्पेअर दी’मध्ये जोर ‘शॅल’वर की ‘आय’वर, हा वाचणाऱ्याचा निर्णय, दोन्ही उत्तरं ग्राह्य. ‘एन्शंट मरिनर’मधल्या ‘ग्लिटरिंग आय’मधला ‘ग्लिटरिंग’ तीन सिलॅबलने वाचून अ‍ॅनापेस्ट करा किंवा आवळून आयँब करा, दोन्ही ग्राह्य. पण ‘कम्पेअर’चा जोर ‘कम्’वर टाकला तर गुण नाही, कारण ती शब्दकोशातली गोष्ट आहे. सूचीत पेनाच्या खुणा काळ्या, पेन्सिलीच्या करड्या छापायच्या, म्हणजे कुठे वाद घालायला जागा आहे हे दिसेल.

ध्वनिमुद्रण बाकी आहे. प्रत्येक उतारा दोनदा: एकदा टाळीवर, वृत्ताची रांग ठळक करून, एकदा साध्या बोलण्याच्या ओघात. मधे पाच सेकंदांची शांतता, तेवढ्यात ऐकणाऱ्याने आपल्या कागदावर खुणा करायच्या.